कनवटीची चावी

माझ्या मोबाइलमधले फोटो उघडले की एके काळी नुसतं कुलूप दिसायचं. मधेच मुलीच्या वाढदिवसाचा एखादा, कुणाच्या लग्नातल्या पंगतीचा एखादा, आणि मग पुन्हा कुलूप. आमच्याच पुढच्या दाराचं. रोज सकाळी ऑफिसला निघताना मी त्याचा फोटो काढायची. त्याआधी गॅसच्या रेग्युलेटरचा, आणि इस्त्रीची पिन काढून ठेवलेल्या बोर्डाचा. एकदा मुलगी पुण्याहून आली होती, तिने माझा फोन चाळला आणि विचारलं, आई, कुलपांचं दुकान काढतेस काय? मी तिच्यावर अशी भडकले की ती त्या रात्री जेवली नाही. नंतर मीही जेवले नाही.

हे कधी सुरू झालं ते मला नीट सांगता येत नाही. नवरा गोव्यात कंपनीत आहे. शनिवारी बांद्यावरून मोटारसायकलने येतो, सोमवारी पहाटे निघून जातो. मुलगी शिकायला बाहेर गेली. घरात मी आणि सासू. मी ओरोसला एका ऑफिसात कामाला आहे. गावातून बसने कसाल, कसालहून दुसरी बस. सासू सकाळी माझ्याबरोबरच बाहेर पडते, वर काजूच्या बागेत जाते आणि दुपारी परतते. म्हणून कुलूप मी लावायचं आणि चावी तिने घ्यायची, ही आमची वाटणी. ती पायरीखाली उभी राहते, मी चावी तिच्या हातात देते, ती नऊवारीच्या कनवटीला खोचते. तिथेच तिची तपकिरीची डबी असते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघते आहे.

तर एके दिवशी बस सुटल्यावर माझ्या मनात आलं, गॅस बंद केला ना? केला असणार. रोज करते. पण आज केल्याचं आठवेना. आठवायला गेले तर कालचं आठवत होतं, परवाचं आठवत होतं, आजचं तेवढं नाही. पुढे डोळ्यांसमोर सगळं चित्रच उभं राहिलं: स्वयंपाकघर, वरचा माळा, शेजाऱ्यांची धावपळ, सासू काजूच्या बागेतून धूर बघत उतरते आहे. कसालला उतरले ती ओरोसच्या बसमध्ये चढलेच नाही, रिक्षा करून परत आले. घर जागच्या जागी होतं. गॅस बंद होता. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले आणि स्वतःला खूप शिव्या दिल्या.

एवढ्यावर संपलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. दुसऱ्या दिवशी गॅस दोनदा बघितला. आठवड्याने कुलूपही ओढून बघायला लागले. ओढलं, चार पावलं गेले, परत आले, परत ओढलं. पायरीखाली सासू उभी. ती कधी काही बोलली नाही, पण तिचा तो थंड चेहरा बघून माझं डोकं आणखी फिरायचं. मग फोटोंची युक्ती सुचली. फोटो असला की बसमध्ये बसून बघता येतं. काही दिवस बरं वाटलं. मग फोटो काढल्यावर परत एकदा दार उघडून आत जावंसं वाटायला लागलं, कारण फोटो काढल्यानंतर काही झालं असेल तर?

गंमत अशी की ऑफिसात याच गुणाचं कौतुक होत होतं. मॅडमनी बघितलंय ना, मग पुढे पाठवा, असं साहेबसुद्धा म्हणायचे. मी बेरजा तीनदा बघायची, सह्या बघायची, शिक्का कुठे लागलाय ते बघायची. सहकारी आपली कामंही माझ्याकडे सरकवायचे. मी नाही म्हणत नसे, कारण दुसऱ्याने बघितलेल्यावर माझा विश्वास नव्हता. संध्याकाळी घरी येईपर्यंत डोकं जड होऊन जायचं. मग दार उघडून पहिलं स्वयंपाकघरात, चप्पलही न काढता.

नवऱ्याने कुडाळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी ऐकून घेतलं. एक बारीक गोळी दिली, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. मी घरी करून बघितलं. मोजताना आकडा चुकला असं वाटायचं आणि पहिल्यापासून मोजायची. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की हळूहळू सवय करा, एक दिवस एकदाच बघून घरातून निघा, परत वळू नका, जीव घाबरला तर घाबरू दे, तो आपोआप खाली येतो. मला राग आला. आयुष्यात मला खूप जणांनी शांत हो म्हणून सांगितलंय, आणि शांत हो म्हटल्यावर कोणी शांत झालेलं मी अजून बघितलेलं नाही. बाहेर आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, यांचं घर जळत नाही ना, म्हणून सुचतं.

आणि त्याच वर्षी आमच्या गावात गावपळणीचा कौल झाला.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा ग्रामदेवाला कौल लावतात, आणि देवाने होकार दिला की ठरल्या दिवशी सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कोणी वेशीच्या आत पाऊल टाकत नाही. पलीकडच्या मळ्यात विणलेल्या झावळ्यांच्या, म्हणजे झापांच्या, खोपी उभ्या राहतात आणि सगळे तिथे राहतात. चौथ्या दिवशी पुन्हा देवाला विचारायचं, आत येऊ काय? हो म्हणाला तर घरी. नाही म्हणाला तर आणखी राहायचं. हे कशासाठी, याची उत्तरं गावात माणसागणिक वेगळी आहेत, आणि कोणालाही त्याची फारशी फिकीर नाही. मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात, पोरांची चंगळ असते. म्हातारी माणसं तर पुढची गावपळण बघायला मिळेल की नाही म्हणत हौसेने निघतात.

मी आधीच्या दोन गावपळणी केल्या होत्या. एकीत तर रात्रभर फुगड्या घातल्या होत्या. पण या वेळी तारीख जाहीर झाली आणि मी कॅलेंडरवर ते तीन दिवस परत परत मोजले. डॉक्टरांनी एक सकाळ मागितली होती, इथे गाव सरळ तीन दिवस मागत होता. नवऱ्याला फोन केला तर तो हसला. "देवान तुझ्यासाठीच घडवल्यान ही पळण," म्हणाला. त्याला नेमकी त्याच दिवसांत सुट्टी नव्हती. आदल्या रविवारी येऊन त्याने आमची खोप उभी केली, वर झाप टाकले, खाली गवत पसरलं आणि गोव्याला परत गेला. मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

निघायच्या दिवशी सकाळपासून मी घरात फिरत होते. मेन स्विच बंद केला. गॅसचा रेग्युलेटर काढूनच ठेवला. मागचं दार आतून लावलं, लाकडी आडणा घातला, आडणा हलवून बघितला. केळ्यांचा एक घड नुकताच पिकायला लागला होता, तो माजघरात टांगून ठेवला. सासू डालग्याखाली कोंबड्या घालून पायरीखाली बसली होती. मी दार ओढलं, कुलूप लावलं, फोटो काढला. फोटो स्पष्ट होता, कुलपावरची अक्षरंही दिसत होती. मग वाटलं, रेग्युलेटर काढला तो खरा, पण सिलिंडरची टोपी बसवली का?

सासू माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे न बघता कुलूप उघडलं, आत गेले, टोपी चाचपली, बाहेर आले. दार ओढून घेतलं. तेवढ्यात देवळाकडे ढोल वाजायला लागले. आणि डालगं थोडं उचललं गेलं असावं, कारण तांबडी कोंबडी बाहेर पडली आणि अंगणातून, आमच्या खळ्यातून, सरळ केळीत घुसली. मग मी एका बाजूने, सासू दुसऱ्या बाजूने, वाटेने जाणारी शेजारीण तिसऱ्या बाजूने. वीस जण वाटेत थांबून सल्ले देत होते. शेवटी कोंबडी हाताला लागली तेव्हा माझी साडी केळीच्या चिकाने भरली होती. पुढे सगळे चालायला लागलेच होते, आम्हीही गर्दीत मिसळलो. व्हाळात घोट्याएवढं पाणी होतं. ते ओलांडलं की आमच्या गावाची हद्द संपते. ओलांडून झाल्यावर मी मागे वळून बघितलं तर नारळांच्या मधून आमच्या घराच्या कौलांचा एक कोपरा दिसत होता. तो दिसला नसता तर फार बरं झालं असतं.

खोपीत सामान लावता लावता संध्याकाळ झाली. सासूने तपकीर काढण्यासाठी कनवटीला हात घातला, आणि मला एकदम आठवलं. मी विचारलं, "आई, चावी आसा मा?"

तिचा हात क्षणभर तिथेच राहिला. मग तिने कमरेवर दोनदा थाप मारली. "आसा गो," म्हणाली.

तेवढ्याने मला पुरलं नाही, पण थोडं पुरलं. मग मी फोन काढून फोटो बघितला. लावलेलं कुलूप. त्या रात्री पलीकडे भजन चाललं होतं, जनरेटरचा आवाज होता, आणि आमच्या खोपीला दारच नव्हतं. एवढी वर्षं दाराची काळजी करणारी मी, आणि झोपायचं अशा जागी जिथे दार म्हणून लावायला काही नाही. मी फोटो बघायची, फोन बंद करायची, आणि परत उघडून बघायची. पहाटे डोळा लागायला आला तेव्हा शेजारचं अंथरूण रिकामं होतं. सासू खोपीच्या तोंडाशी बसली होती, गावाकडे तोंड करून. म्हाताऱ्या माणसाला झोप कमी, मी मनात म्हटलं आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाळावर भांडी घासताना फोन पाण्यात पडला. कमरेला खोचला होता, वाकले तसा घसरला. काढेपर्यंत त्याचा जीव गेला होता. चार बायकांनी चार उपाय सांगितले. शेवटी तो उकड्या तांदळाच्या पिशवीत पुरला. सगळ्या म्हणाल्या, आता कोणी त्रास देणार नाही, बरं झालं. मीही हसले. आत माझं काय झालं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

फोटो गेला. मग मी आठवणीवर आले, आणि आठवणीचा तर मला भरवसाच नव्हता. दार ओढून घेतल्याचं आठवत होतं. कुलूप ओढून बघितल्याचंही आठवत होतं, पण ते आजवर इतक्या वेळा ओढलं होतं की त्यातलं हे ओढणं कुठलं? हाताला त्याचा थंडपणा जाणवत होता. तो कालचा की गेल्या महिन्यातला? मला बसवेना. मळ्यात सगळीकडे माणसं निवांत होती. कोणी मासे भाजत होतं, कोणी पत्ते खेळत होतं, पोरांचं क्रिकेट चाललं होतं. प्रत्येक खोपीतून कोणीतरी हाक मारायचं, ये, बस, चहा घे. मी जायची, बसायची, अर्धा चहा पिऊन उठायची. एका बाईने विचारलंच, तुझं काही हरवलंय काय? मी नाही म्हटलं. दिवसभरात सासूला तीनचारदा तरी विचारलं असेन, चावी आसा मा? ती दर वेळी कमरेवर थाप मारायची. थाप मारली की डबीचा खट्ट आवाज यायचा. मला बरं वाटायचं, आणि जरा वेळाने परत बरं वाटेनासं व्हायचं. फुगड्यांत जिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा ती सासू या वेळी कडेला बसून होती. वय झालं, लोक म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि सगळा मळा आडवा झाला. मी उठले. मी ठरवलं होतं. व्हाळ ओलांडायचा, केळीच्या कडेने वर जायचं, लांबून कुलूप बघायचं आणि परत यायचं. आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. असं आमच्या गावात कोणी केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. देवाची भीती मला आहे, लोकांची त्याहून जास्त आहे. पण तेव्हा दोन्ही भीती लहान झाल्या होत्या. पाय आपले आपण चालत होते. मला एवढंच माहीत होतं की आज मी बघितलं नाही तर रात्री माझं काहीतरी होईल, मी ओरडेन, किंवा सगळ्यांच्या देखत पळत सुटेन.

व्हाळाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली एका दगडावर सासू बसली होती.

माझा राग मस्तकात गेला. म्हटलं, हिने ओळखलं. पहारा द्यायलाच येऊन बसली आहे.

"खंय चललंस?" तिने न वळता विचारलं.

मी म्हटलं, पाय धुवायला. मग माझ्याने राहवेना. म्हटलं, "घर बघून येतंय. आत जावचंय नाय. लांबसूनच बघतंय." बोलता बोलता मला रडू आलं. मी तिला सगळं सांगितलं. बसमधलं, कसालहून परत फिरणं, बेरजा, गोळ्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिच्यापुढे मी कधी अशी रडले नव्हते. तिला ते सगळं ठाऊकच होतं म्हणा, तीच तर रोज पायरीखाली उभी असायची. ती पाण्याकडे बघत ऐकत राहिली. माझं बोलून संपल्यावर तिने कमरेवर थाप मारली.

"चावी माझ्या कमरेक आसा," म्हणाली. "दार काय पळान जातला? बस हय. माका सोबत व्हयी."

मी बसले. सासूने कधी माझ्याकडे सोबत मागितली नव्हती. देवळात, दवाखान्यात, कुठेही ती एकटी जाणारी बाई. आम्ही दोघी समोर बघत बसलो. नारळांच्या मधून कौलांचा तो कोपरा दिसत होता. त्यावर ऊन होतं. पलीकडून कसलाच आवाज येत नव्हता, कोंबड्याचाही नाही. आपला गाव इतका गप्प मी कधीच ऐकला नव्हता. माझं काळीज धडधडत होतं, मग धडधडून दमलं. डॉक्टर म्हणाले होते तसं ते खरंच खाली आलं. मी मनात त्यांची माफी मागितली. सासूच्या खांद्याला माझा खांदा लागला होता, तिला तपकिरीचा वास येत होता. चावी हिच्याकडे आहे, मी मनात म्हटलं. माझ्याकडे नाही, हिच्याकडे आहे. खोपीत परत आले आणि गवतावर पडले ती तिन्हीसांजेला उठले. इतकी गाढ झोप मला वर्षभरात लागली नव्हती. उठले तर अंगावर कोणीतरी चादर घातली होती आणि चहा उकळत होता. मला वाटलं, माझे सगळे सुटे झालेले भाग कोणीतरी गोळा करून परत एका जागी आणून ठेवलेत.

चौथ्या दिवशी कौल लावला आणि देवाने नाही म्हटलं. चाकरमान्यांच्या रजा संपत होत्या, त्यांची तोंडं उतरली. मला आश्चर्य वाटलं, माझं काहीच उतरलं नाही. मी म्हटलं, एक रात्र तर आहे. सासू मात्र ऐकल्याबरोबर उभ्या जागी खाली बसली. डोक्याला हात लावून बसूनच राहिली. मी पाणी आणून दिलं, ऊन लागलं असेल म्हणून पदराने वारा घातला. तिला म्हटलं सुद्धा, आई, एवढं काय, घर कुठे पळून जातंय का? तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला हसू आलं. चला, म्हटलं, आता आमची उलटापालट झाली.

दुसऱ्या दिवशी कौल मिळाला. ढोल वाजले आणि सगळा गाव एकदम व्हाळात उतरला. सासू सगळ्यांच्या पुढे. तिच्या वयाची बाई डालगं माझ्याकडे टाकून, निऱ्या वर धरून जवळजवळ धावत होती. कोंबड्या सांभाळत मी खळ्यात पोचले तेव्हा ती पायरीवर उभी होती. तिच्या पलीकडे आमचं दार हातभर उघडं होतं. कुलूप कोयंड्याला नुसतं लटकत होतं, आणि चावी त्यातच होती.

मी डालगं खाली ठेवलं. कोंबडीमागे धावताना कुलूप लावायचंच राहिलं होतं. माजघरभर केळ्यांची सालं पडली होती. घडाचा नुसता दांडा राहिला होता, आणि जमिनीवर, पाटावर, देव्हाऱ्यापुढे माकडांच्या पायांचे मातीचे ठसे होते. एक साल तर भिंतीवरच्या घड्याळावर होतं. बाकी घर होतं तसं होतं. कपाट बंद, भांडी जागेवर. वाऱ्याने आलेला पाचोळा कोपऱ्यात जमला होता. स्वयंपाकघरात जाऊन बघायचं मला सुचलंच नाही.

सासू वाकून सालं गोळा करायला लागली होती. मी म्हटलं, "आई, चावी तर तुमच्या कमरेक होती."

तिने कनवटीतून तपकिरीची डबी काढून पाटावर ठेवली. तिथे दुसरं काही नव्हतं. "पयल्याच सांजेक कळला," ती म्हणाली. "तपकीर काढूक हात घातलंय, तर डबीच हाताक लागली. मगे तू इचारलंस."

"आणि माका सांगूक नाय?"

"सांगलंय असतंय तर तू थंय रवलं असतंस?" ती सालं गोळा करता करता बोलत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "दोघींनी जागान काय उपेग? मी जागी होतंय, ता पुरे झाला."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. पहाटेचं ते रिकामं अंथरूण, गावाकडे केलेलं तोंड, करंजाखालचा तो दगड, सगळं माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. ती पहाऱ्याला बसली नव्हती. तीही घर बघायलाच आली होती. उघड्या दाराची काळजी घेऊन ही बाई चार दिवस गप्प बसली, आणि मी विचारलं की डबीवर थाप मारत राहिली, म्हणून मला झोप लागली. मला खूप रडू आलं, आणि घड्याळावरचं साल बघून हसूही आलं. सासू म्हणाली, रडून झाल्यावर केरसुणी घेऊन ये.

मी बरी झाले असं म्हणणार नाही. गोळी अजून चालू आहे, पण अर्धी. फोन तांदळातून जिवंत निघाला नाही, त्याच्याबरोबर कुलपंही गेली. नव्या फोनमध्ये मी ती काढत नाही, म्हणजे एखाददोनदा काढली आहेत. ऑफिसात बेरजा दोनदाच बघते. सकाळी दार ओढते, कुलूप लावते, सासूच्या हातात चावी देते आणि निघते. वळणापर्यंत ठीक असतं. पुढे कधी कधी बसमध्ये डोळ्यांसमोर तो धूर दिसायला लागतोच. मग मी सासूच्या बटणांच्या फोनवर फोन लावते. ती काजूच्या बागेत असते, पाचोळ्यावर चालल्याचा आवाज येतो.

मी विचारते, "आई, चावी?"

पाचोळ्याचा आवाज थांबतो. मग खट्ट वाजतं. "आसा," ती म्हणते.

तिथे चावी आहे की नुसती डबी, हे मला बसमधून दिसत नाही. मी परत विचारत नाही. कसालला उतरते आणि ओरोसची बस धरते.